निरोपानंतरचा मुक्काम

आम्हाला निरोप इतका झकास मिळाला होता, की त्यानंतर आम्ही निदान जायला तरी हवं होतं.

कॅनडातल्या लंडनमध्ये, जून महिन्यातल्या एका शनिवारी, एका काकूंच्या बॅकयार्डात हा सोहळा झाला. मी इथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांसाठी एक्स्चेंज व्हिजिटर म्हणून आले होते. म्हणजे पुण्याच्या माझ्या संस्थेने मला पाठवायचं, इथल्यांनी शिकवायचं, आणि मुदत संपली की शिकलेलं गाठोडं घेऊन मी परत जायचं. नवरा माझ्यामुळे आलेला आणि आठ वर्षांची पोरगी आम्हा दोघांमुळे. ऑगस्टअखेर आमची परमिटं संपणार होती, जुलैची तिकिटं काढून झाली होती, आणि काकूंनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना गोळा केलं होतं.

काकू म्हणजे इथल्या मराठी मंडळींतल्या सगळ्यांत जुन्या. नर्स म्हणून आल्या, रिटायर झाल्या, तरी बोलण्यात अजून वॉर्डातला दरारा. त्यांनी एक रीत पाडून ठेवलीय. इथून परत जाणाऱ्याने आपला संसार विकायचा नाही, नव्याने येणाऱ्याला द्यायचा. माझा कुकर माझ्याआधी तीन घरांत शिट्ट्या देऊन आला होता. त्या दिवशी तो मी नागपूरहून कॉलेजला आलेल्या एका मुलीला दिला. गाद्या, पंखा, पोळपाट, बर्फ उपसायचं शोव्हल, सगळं वाटून टाकलं. काकूंनी माझी ओटी भरली, मला रडू आलं, त्यांनाही आलं, आणि कुणीतरी म्हणालं, "ताई, चार शब्द बोला की!"

इथेच घोळ झाला. मी सोलापूरची. आमच्याकडे हळू बोलणाऱ्याला लोक आजारी समजतात, आणि मला कुणी बोल म्हटलं की थांबणं जमत नाही. समोर दहा-पंधरा मुलंमुली बसली होती, दिवसा कॉलेज, संध्याकाळी कुठेतरी काम, आणि डोक्यात अहोरात्र पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी. त्यांच्यासमोर मी नाकाने कांदे सोलले. म्हटलं, "बाळांनो, शिका, कमवा, पण इथे चिकटून बसू नका. एका व्हिसावरून दुसऱ्या व्हिसावर उड्या मारत आयुष्य काढायचं, हे काही खरं नाही. आमची तिकडे वाट बघणारी माणसं आहेत, आमची जागा आहे, आम्ही चाललो." टाळ्या पडल्या. कुणीतरी व्हिडिओ काढत होतं, तर मी पदरही सारखा केला.

पोरीचाही शाळेत वेगळा निरोप झाला. वर्गाने मोठं कार्ड केलं, सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या, टीचरने तिला मिठी मारली. आमच्याच टाउनहाउसच्या रांगेत टोकाला तिची जिवाभावाची मैत्रीण राहते. पोरीने स्वतःहून आपली जांभळी सायकल तिला देऊन टाकली. मी म्हटलं, शाब्बास, माझी गुणाची बाय. माझ्यासारखंच मोठ्या मनाचं करतेय, असं वाटून मला अभिमानही वाटला.

आणि मग पुण्याहून साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या प्रोजेक्टची पुढची मंजुरी काही आलेली नाही. पोस्ट राहत नाहीये. पण तुम्ही या तर खरं, बघू काहीतरी."

आपल्याकडच्या ऑफिसात 'बघू काहीतरी' याचा अर्थ ज्याला कळत नाही तो अजून नोकरीला लागलेला नाही. मला कळला. मी फोन ठेवला आणि उघड्या बॅगांच्या मध्ये फरशीवर बसले. नवरा शिफ्टवरून आला, त्याला सांगितलं. तो बुटांसकट एका बॅगेवर बसला. माझ्यासाठी तो बँकेतली चांगली नोकरी सोडून आला होता आणि इथे एका वेअरहाउसमध्ये खोकी हलवत होता. मग म्हणाला, "म्हणजे तिथे गेलो की दोघंही बेकार. इथे निदान मी तरी कामाला आहे."

शेजारच्या लॅबमधल्या प्रोफेसरबाईंना माझं काम आवडलं होतं. मी दार वाजवलं, मान खाली घालून विचारलं, आणि त्यांनी दोन वर्षांची जागा देऊ केली. पण नवी जागा म्हणजे नवं परमिट. माझं, नवऱ्याचं, आणि पोरीच्याही राहण्याची परवानगी, सगळं नव्याने. जुनी मुदत संपायच्या आत आम्ही अप्लाय केलं आणि तिकिटं रद्द केली. नियम असा, की उत्तर येईपर्यंत इथे राहता येतं, नवऱ्याला काम चालू ठेवता येतं, पण मला नव्या लॅबमध्ये पाऊल ठेवता येत नाही. उत्तर नकाराचं आलं तर बॅगा भरायच्या. कधी येईल? कुणी सांगत नाही. आठवड्यांत येतं, महिन्यांत येतं.

मी आईला सोलापूरला फोन केला. आई म्हणाली, "हातात पडेपर्यंत चकार शब्द काढू नकोस कुणापाशी. दृष्ट लागते." मी बायोकेमिस्ट्रीची डॉक्टर. एरवी आईला यावरून किती हसले असेन! पण त्या दिवशी दृष्टीचं निमित्त मला अगदी देवासारखं धावून आलं. खरं तर मला दृष्टीची भीती नव्हती, मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. 'आमची जागा आहे' म्हणून टाळ्या घेतल्या, आणि जागाच नाही! हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि कारण न सांगता राहिलो तर लोक म्हणणार, बघा, बाई चिकटली. थुंकलेलं चाटायची वेळ आली की माणूस आधी दार लावून घेतो. मीही लावलं.

पोरीला समोर बसवलं. "आपण इतक्यात इंडियाला जात नाही आहोत. पण हे कुणालाही सांगायचं नाही. देवाची शपथ घे."

ती म्हणाली, "नॉट ईव्हन माय बेस्ट फ्रेंड?"

"तिला तर मुळीच नाही."

"बट शी लिव्ह्ज राइट देअर, आई."

"तिला कळलं की तिच्या आईला कळणार, मग शाळेत, मग सगळीकडे. पेपर हातात आला की आपण सगळ्यांना पेढे देऊ. तोवर तोंड मिटून बसायचं."

तिने शपथ घेतली. मोठ्या गंभीरपणे गळ्याला चिमटा घेऊन घेतली, माझ्या आईकडून शिकलेली. नशीब, मैत्रिणीच्या घरचे सगळे सुट्टीत तिच्या आजीकडे लांब नोव्हा स्कोशियाला गेले होते.

तो उन्हाळा आम्ही चोरासारखा काढला. मंडळींच्या मते आम्ही गेलो होतो. जाण्याच्या दिवशी ग्रुपवर 'सुखरूप पोचा' आलं, त्याखाली मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि फोन उलटा ठेवला. गाद्या दिलेल्या, म्हणून रजया अंथरून झोपायचो. कुकर नाही, म्हणून पातेल्यात डाळ. ती शिजता शिजायची नाही. नवरा म्हणायचा, "ही डाळ आणि आपलं परमिट, बघू कोण आधी होतंय." मला हसू यायचं नाही. मी त्याच्यावर खेकसायची. लंडनमधल्या इंडियन दुकानात जायची सोय नव्हती, कुणीतरी भेटलंच असतं. मग त्याच्या सुट्टीच्या दिवशी गाडी काढून पार किचनर शहरात जायचो, तासाभराच्या वाटेवर, कोथिंबिरीच्या दोन जुड्यांसाठी.

ऑगस्टच्या शेवटी मैत्रीण परत आली. त्या दुपारी पोरगी खिडकीखाली फरशीवर बसली होती. ब्लाइंडच्या पडद्याची एक पट्टी बोटाने वर करून बाहेर बघत होती. मी मागून जाऊन पाहिलं. खाली मैत्रीण जांभळ्या सायकलवर गोल गोल फिरत होती. पोरगी हाक मारत नव्हती, रडतही नव्हती. नुसती बघत होती. मला म्हणाली, "शी लर्न्ड टु टर्न." मी म्हटलं, "चल, सरक तिथून, कुणी बघेल." तिने पट्टी सोडली आणि उठून आत गेली. त्याच वेळी मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटायला हवी होती. पण मी पडदा नीट केला.

सप्टेंबरात शाळा उघडली. शाळेला काही लपवता येत नाही, ऑफिसात कागद दाखवले, अर्ज केलाय म्हणून सांगितलं, त्यांनी नाव घातलं. पहिल्या दिवशी पोरगी गाडीतून उतरायलाच तयार नव्हती. सीटबेल्ट गच्च धरून बसली. मी आधी समजावलं, मग ओरडले, मग हात धरून उतरवलं. गेटापाशी जुनी टीचर उभी होती, तिला मिठी मारलेली तीच. पोरीला बघून तिचे डोळे हे एवढे झाले. "ओह, यू आर बॅक! हाउ वॉज इंडिया?"

पोरीने माझ्याकडे बघितलं. तिने शपथ घेतली होती, आणि ती मीच घ्यायला लावली होती. आता काय बोलायचं हे तिला माझ्याकडून हवं होतं.

मी म्हणाले, "इट वॉज व्हेरी हॉट."

झालं. निघालं तोंडातून. टीचर हसली, "आय बेट!" आणि दोघी आत गेल्या. मी गाडीत येऊन बसले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते हेच. इतकी वर्षं लॅबमध्ये एक आकडा खोटा लिहिला नाही, आणि शाळेच्या गेटात, पोरीदेखत, एका भल्या बाईला सोलापूरचं ऊन सांगितलं.

गणपती तोंडावर आले होते. परमिटाचा पत्ता नाही. निदान घरात पाच मोदक तरी करू म्हणून किचनरला गेलो. दुकानात मेथीच्या जुड्या अर्ध्या पिवळ्या, आणि दुकानदार पूर्ण भाव सांगत होता. मी त्याच्याशी हिंदीत वाद घालायला लागले. लपून राहायचंय हे विसरले. आवाज चढला. मागून, फ्रोझन खोबऱ्याच्या फ्रिजजवळून, कुणीतरी म्हणालं, "हा आवाज मी ओळखते."

काकू. हातात तांदळाच्या पिठीचं पाकीट.

"अगं बाई! तू? कधी आलात परत? एक फोन नाही, काही नाही?" त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी तोंड उघडणार होते. त्याआधी पोरगी पुढे झाली. पाठ केलेली कविता म्हणावी तसं सरळ उभं राहून म्हणाली, "वी वेंट टु इंडिया. इट वॉज व्हेरी हॉट."

माझेच शब्द. तोच स्वर. माझ्याकडे न बघता, मला वाचवायला.

मी तिथेच रडायला लागले. दुकानात, चारचौघांत, मेथीची जुडी हातात धरून. "काकू, आम्ही कुठेही गेलो नाही. इथेच आहोत. तिकडची नोकरी गेली माझी. कुणी वाट बघत नव्हतं तिकडे. नवीन परमिटासाठी अप्लाय केलंय, अजून आलं नाही." सगळं एका दमात. नवरा ट्रॉली धरून छताकडे बघत होता. दुकानदाराने गुपचूप मेथी अर्ध्या भावात लावली.

काकूंनी मला जवळ घेतलं नाही. म्हणाल्या, "आधी बिल करू." बाहेर पार्किंग लॉटमध्ये आल्यावर मग वॉर्डातला आवाज लागला. "लाज वाटली? कुणाची? लाज परक्यांची वाटते. मी तुझी ओटी भरली, आणि तू माझ्यापासून चार रस्ते पलीकडे फरशीवर झोपत होतीस? दोन महिने? मी त्या दिवशी विमान उतरेपर्यंत जागी होते, माहितेय? आता मला लाज वाटतेय. एवढी माणसं जोडली म्हणून मिरवते मी, आणि एकीला माझ्याकडे यावंसं वाटलं नाही." मी "चुकलं" म्हटलं. त्या म्हणाल्या, "ते आहेच. गणपतीला या." आणि पोरीकडे वळून, "तू का गं खोटं बोललीस काकूआजीशी?" पोरगी म्हणाली, "आय प्रॉमिस्ड." काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडीत जाऊन बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गणपतीला गेलो. जिन्यावरून काकूंच्या बेसमेंटमध्ये उतरलो. मला वाटलं होतं आता टोमणे पडणार, आता कुणीतरी भाषणाची आठवण काढणार. कसलं काय! पोरं उलट चौकशीच करायला लागली. "ताई, बायोमेट्रिक्स झाले का?" "मेडिकल मागितलं का?" "दादांचं वेगळं फाइल केलंत ना?" त्यांच्या लेखी व्हिसाची वाट बघणं म्हणजे सर्दी होण्याइतकं साधं होतं, प्रत्येकाला होऊन गेलेलं किंवा होणार असलेलं. मला हायसं वाटायला लागलं. आणि तेवढ्यात कुकर दिलेली नागपूरची मुलगी पंगतीत वाढत माझ्यापर्यंत आली.

"ताई, कुकर आणून देऊ का परत? मला हवाय असं नाही, मी भातच करते फक्त."

"नको गं, तुला दिलाय तो."

तिने वरण वाढलं. मग खाली बघतच म्हणाली, "तुमच्या भाषणाचा व्हिडिओ मी आईला पाठवला होता, ताई. ताई किती छान बोलतात म्हणून. आता आई रोज तेच म्हणते, बघ, एवढ्या शिकलेल्या बाई परत येताहेत, तू कशाला तिथे चिकटून बसलीस." तिच्या आवाजात राग नव्हता. पुढे सरकली, पुढच्याला वरण वाढायला लागली.

माझ्या पानातला मोदक तसाच राहिला. रात्री तिला फोन करून म्हटलं, तुझ्या आईचा नंबर दे, मी बोलते. बोललेही. सांगितलं, की बाई, मी आले नाही, मीही इथेच आहे, आणि मी ते भाषण करायला नको होतं. पलीकडे नागपूरच्या बाईंनी टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "तुम्ही पण?" त्या दोन शब्दांत लेक परत येईल ही आशाच मोडली होती, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आता सांगते आहे.

नोव्हेंबरात, एका सकाळी, इमिग्रेशनच्या ऑनलाइन अकाउंटमध्ये मेसेज दिसला. मंजूर. मी तीनदा वाचला, नवऱ्याला उठवलं, तो नाइट शिफ्ट करून नुकताच झोपला होता. आधी "काय जळलं?" म्हणून दचकला, मग समजल्यावर डोक्यावरून पांघरूण ओढून आत बराच वेळ हुंदके देत राहिला. पासपोर्टवर चिकटवायचा व्हिसा अजून वेगळा मागायचा होता, त्याशिवाय देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही. पण राहायचं तर ठरलं होतं. दोन वर्षं. मी आईला फोन केला, काकूंना केला. काकू म्हणाल्या, "बरं झालं. आता पोरीला सांग नीट." मी गाडी काढली, लंडनमधल्याच इंडियन दुकानात ताठ मानेने गेले आणि पेढ्यांचे तीन बॉक्स घेतले. एक टीचरला, एक मैत्रिणीकडे, एक काकूंना. पोरीला शब्द दिला होता ना, पेपर हातात आला की पेढे.

शाळा सुटायच्या वेळी चालतच तिला आणायला गेले. थंडी बरीच होती, बर्फ अजून पडला नव्हता. ती आली, दप्तर माझ्याकडे दिलं, नेहमीसारखी गप्प चालायला लागली. हल्ली ती रस्त्याने गप्पच असायची. मी म्हटलं, "ओळख पाहू काय झालं? आलं! परमिट आलं! आपण दोन वर्षं इथेच राहणार. कुठेही जायचं नाही."

ती थांबली. मला वाटलं उडी मारेल.

"फॉर शुअर?"

"अगदी फॉर शुअर. हे बघ पेढे. आता टीचरला सांगू, मैत्रिणीला सांगू..."

तेवढ्यात समोरून मैत्रीण जांभळ्या सायकलवरून आली. आम्हाला बघून घंटी वाजवली, सफाईने वळण घेतलं आणि हात हलवला. पोरीनेही हात हलवला. मैत्रीण लांब जाईपर्यंत बघत राहिली. मग माझी बाही ओढली, मी खाली वाकले, तर कानाशी येऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, डोन्ट टेल एनीवन, ओके?"

"अगं, पण आता आलंय ना हातात. आता कशाला लपवायचं?"

"लास्ट टाइम ऑल्सो वी टोल्ड एव्हरीवन," ती म्हणाली. आणि गळ्याला चिमटा घेऊन माझ्यापुढे धरला, मी शपथ घ्यावी म्हणून.

मी घेतली. पेढे तसेच पिशवीत घालून घरी नेले.